आपला घास

२९ जुलै १९८३

खिचडी करपली. माझ्यामुळे नव्हे, मैनाबाईंमुळे. ह्यांच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा, म्हणून पातेल्यात पहिला डाव फिरवायचा मान त्यांचा. फिरवता फिरवता त्यांनी भाषण सुरू केलं आणि एवढ्या माणसांची खिचडी तळाला लागली. मी काही बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. तरी बोललेच. "मैनाबाई, भाषण नंतर गरम करता येतं, खिचडी नाही." आता आठवडाभर त्या माझ्याशी बोलणार नाहीत. तेवढीच शांतता.

बोईसरच्या शाळेचे वर्ग रिकामे करून तिथं डोंगरातली माणसं आणून ठेवली आहेत. उगवतीच्या डोंगरात करंजपाडा म्हणून वस्ती आहे. परवा रात्री ओढ्याला लोंढा आला नि खालच्या अंगाची घरं घेऊन गेला. कुडाच्या भिंती त्या, किती तग धरणार! लावणी झालेलं भात गाळाखाली गेलं. शेळ्या गेल्या, कोंबड्या गेल्या, माणसंही गेली. आम्ही परभणीकडचे. आमच्याकडं पाऊस येत नाही म्हणून माणसं आभाळाकडं बघत रडतात. ही माणसं रडतही नाहीत, नुसती भिंतीला टेकून बसलेली असतात. ते मला जास्त बघवत नाही.

घरी आले तर ह्यांनी पोळ्या करून ठेवल्या होत्या. नकाशे बरे म्हणायचे, पण केल्या होत्या.

३१ जुलै

आज डोकंच फिरलं माझं. वसाहतीतल्या घराघरांतून मागून आणलेल्या साड्या सकाळी वाटल्या. चांगल्या, एकही विटकी नाही, मी स्वतः निवडल्या होत्या. दुपारी बघते तर बाया बसल्यात मधोमध टराटरा फाडत! मी ओरडलेच, "अगं, काय करताय हे? लोकांनी काय चिंध्या करायला दिल्यात का?"

एकीनं शांतपणे दुसरीकडं बोट दाखवलं. "ही बी उघडीच हाय ना बाय."

इकडच्या बाया गुडघ्यापर्यंतच नेसतात, त्यांना अर्धी पुरते. तानीनं नंतर समजावलं. तानी म्हणजे माझ्याकडं भांडी घासायला येते ती. तीही तिकडच्याच डोंगरातली, आता बोईसरला झोपडं करून राहते. ठीक आहे, कळलं. पण त्या काठापदराच्या निळ्या साडीचे दोन तुकडे मी उगाच जुळवून पाहिले, ते काही खोटं नाही.

तिथंच एक मुलगी दिसली. पाचेक वर्षांची असेल. सगळी पोरं खिचडीच्या रांगेत आणि ही एकटी खिडकीच्या गजाला धरून उभी. अंगात ताप. छावणीवरचा सरकारी कारकून म्हणाला, हिचे आई-बाप दोघेही लोंढ्यात गेले. बापानं हिला आंब्याच्या फांदीवर चढवलं नि मग आईला आणायला म्हणून मागं फिरला, तो परत आलाच नाही. पाड्यातल्या लोकांनी सकाळी हिला खाली उतरवलं. नाव कमळी.

"हिचं कोणी नाही?" मी विचारलं.

"इथं तरी कोणी नाही," तो म्हणाला.

२ ऑगस्ट

कमळीला घरी आणलं. चारच दिवसांसाठी. शाळेत ओली फरशी, शंभर माणसं खोकताहेत, ताप उतरेल कसा? कारकुनाला सांगितलं, सही केली, झालं. हे दारातच म्हणाले, "सुगंधा, विचार केलास ना?" म्हटलं, तापाला विचार लागत नाही, काढा लागतो.

तिला न्हाऊ घातलं. केसांत उवांचं राज्य होतं. खांद्यापर्यंत कापले, दोन वेण्या घातल्या. मैनाबाईंच्या नातीचा फ्रॉक चांगला बसला तिला. आरशासमोर उभी केली तर ती आरशाच्या मागं जाऊन बघून आली.

कमळी नाव मला फार आवडलं नाही. मी कमल म्हणते.

५ ऑगस्ट

ताप उतरला, पण पोर जेवत नाही. ज्वारीची भाकरी तोंडात घेते नि गालात धरून बसते. वरणभात चिवडते. दूध दिलं तर वाटी लांब सरकवली. दूध! तानी म्हणाली, "आमी दूध पीत नाय बाय, ते वासराचं." ऐकावं ते नवलच.

एक गूळ-शेंगदाण्याचा लाडू तेवढा खाल्ला. अर्धा खाल्ला, अर्धा मुठीत धरून झोपली. सकाळी अंथरुणात मुंग्या.

बोलतही नाही फारसं. पण स्वयंपाक करताना येऊन माझ्या पदराचं टोक धरून उभी राहते. मी हलले की तीही हलते. आज भाजी जळली तरी मी जागची हलले नाही.

९ ऑगस्ट

मागच्या दारी एक म्हातारी आली होती. मोळी विकायला वसाहतीत बाया येतात, त्यांच्याबरोबर आली असणार. काटकीसारखी सुकलेली, अंगाला ओढून घेतलेलं फडकं, पाय चिखलानं माखलेले. पळसाच्या पानांत गुंडाळून टाकळ्याची भाजी आणली होती.

मी म्हटलं, "नको हो आजी, भाजी आहे घरात."

"इकाया नाय आनली," ती म्हणाली नि पुडा पायरीवर ठेवला. मग तिथंच बसली. कमल आतून आली आणि जाऊन तिच्या शेजारी बसली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. म्हातारीनं तिच्या वेणीची रिबीन दोन बोटांत धरून पाहिली.

"करंजपाड्याच्या का तुम्ही? ओळखता हिला?"

म्हातारीनं होय अशी मान हलवली. "पोर जेवतं का?"

"जेवते की," मी म्हटलं. पूर्ण खरं नव्हतं ते.

ती गेली. एवढ्याशा पाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखत असणारच. मी पुढं काही विचारलं नाही.

१४ ऑगस्ट

अगं बाई, काय सांगू! आज म्हातारीनं खेकडे आणले. जिवंत! भाताच्या खाचरातले, गवतानं नांग्या बांधलेले, बांबूच्या टोपलीत खुडखुड करताहेत. आमच्या घरात तीन पिढ्या माळ. मी अंड्यालासुद्धा शिवत नाही. टोपली तशीच उचलली, म्हातारी वळणाआड जाताच मागच्या गटारात उपडी केली नि हात तीनदा धुतले.

कमल दारात उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. गटाराच्या काठाशी उकिडवी बसून राहिली. हाताला धरून उठवलं तर हात झटकला माझा. तिनं असं पहिल्यांदाच केलं.

हे म्हणाले, "टाकायचे कशाला, तानीला द्यायचे."

हे त्यांना आधी सुचायला काय झालं होतं?

१९ ऑगस्ट

पुन्हा म्हातारी आली, पुन्हा टोपलीत खेकडे. तानीनं मागच्या अंगणात तीन दगड मांडले, तिचं स्वतःचं पातेलं आणलं नि कालवण केलं. मी नाकाला पदर लावून आत बसले. थोड्या वेळानं कसला चोखल्याचा आवाज येतोय म्हणून डोकावले. कमल दोन्ही हातांनी जेवत होती! भाताचा डोंगर केला होता नि नाकाला, कानाला, कपाळाला रस्सा. मला बघून हसली. पुढचे दोन दात पडलेत, ते मला आज दिसलं.

पोरगी जेवली. मला इतकं भरून आलं की वासच विसरले.

म्हातारीची टोपली रिकामी कशी पाठवायची? कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही माझ्या आईची शिकवण. टोपलीत वाटीभर साखर पुड्यात बांधून ठेवली.

२६ ऑगस्ट

पुढच्या खेपेला म्हातारीनं बांबूचे कोवळे कोंब आणले, मी पोहे दिले. मग काकडी आली, मी गूळ दिला. असं आमचं चाललंय. ती दर वेळी एवढंच विचारते, पोर जेवतं का. आता मी खरं उत्तर देते.

२८ ऑगस्ट

शाळेतली छावणी उठली. लोक परत डोंगरात गेले. सरकारी पत्रे मिळालेत म्हणे, त्यांचे आडोसे करून राहताहेत. मंडळानं घरटी धान्य, घोंगडी, एक पातेलं दिलं. मैनाबाईंचा फोटो निघाला.

कारकुनानं विचारलं, "त्या मुलीचं काय करायचं, बाई?"

मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? माझ्याकडं आहे ना."

"तसं नाही. अनाथाश्रमाला लिहायचं की…"

"काही लिहू नका," मी म्हटलं. आवाज चढला असावा माझा, त्यानं चष्मा काढून पुसला.

मला ही पोर हवी आहे. लिहिलं एकदाचं. लग्नाला बारा वर्षं झाली, किती उपास केले, किती दवाखाने पालथे घातले, किती जणींच्या बारशाला घुगऱ्या खाऊन हसत घरी आले. आता देवानं पुरातून आणून दारात ठेवली तर मी नको म्हणू? दिवाळीनंतर बालवाडीत घालणार. आडनाव आमचं लावणार. ह्यांना अजून बोलले नाही, पण ते बोईसरहून येताना लाकडी बैलगाडी घेऊन आले. मग मी तरी कशाला बोलू?

४ सप्टेंबर

कमल म्हातारीची वाट बघते. मोळीवाल्या बाया येण्याच्या सुमारास पायरीवर जाऊन बसते. ती आली की उठून काही पळत नाही, नुसती सरकून जागा करते. आज म्हातारीनं तिच्या केसांत बोटं घालून उवा बघितल्या. सापडल्या नाहीत, तर जरा हिरमुसलीच.

मला ते आवडलं नाही. का नाही आवडलं ते माहीत नाही. उन्हातान्हाची एवढ्या लांबून चालत येते बिचारी, आणि मी मनात म्हणते आहे की जरा कमी आली तर बरं. माझं मन असं कोतं कधीपासून झालं?

११ सप्टेंबर

आज एक चांगलं काम केलं. उपकार अंगावर ठेवायची मला सवय नाही. म्हातारी इतके दिवस काहीबाही आणते आहे, तिच्यामुळं पोर जेवायला लागली. साखर-पोह्यांनी ते फिटायचं नाही. माझ्या ट्रंकेतली हिरवी इरकल काढली. दान म्हणून आलेल्यांतली नव्हे, माझी स्वतःची, माहेरची. वर नारळ ठेवला. कमलला नवा फ्रॉक घालून शेजारी उभं केलं आणि टोपली म्हातारीच्या हातात दिली.

"आजी, हे तुम्हाला. हिच्यासाठी तुम्ही इतकं केलंत म्हणून. आता एवढ्या लांबून यायचा त्रास घेऊ नका. पोरीची सगळी काळजी आम्ही घेऊ."

म्हातारी टोपलीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मग कमलकडं. मला वाटलं, एवढी भारी साडी बघून गांगरली बिचारी. शेवटी तिनं नारळाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला नि टोपली डोक्यावर घेतली. पोर जेवतं का, हे आज तिनं विचारलंच नाही. कमलच्या तोंडावरून हात फिरवला नि गेली, मागं वळून न बघता.

तानी नव्हती, तिच्या भावाकडं आजारपण आहे म्हणून गेली आहे. असती तर तिलाही बरं वाटलं असतं.

१६ सप्टेंबर

म्हातारी आली नाही. बरं झालं, ऐकलं तिनं. कमल पायरीवर बसून होती. अंधार पडला तरी उठेना, उचलून आत आणावी लागली.

२० सप्टेंबर

पोर पुन्हा जेवत नाही. तानीच्या दगडांवर मी ह्यांच्याकडून बाजारातले खेकडे शिजवून घेतले! माळकऱ्यानं, नाकाला रुमाल बांधून! नवापूरची कोळीण वसाहतीत मासे घेऊन येते ती लाडकी, तिला विचारून विचारून केलं बिचाऱ्यांनी. लाडकी हसून हसून बेजार, "शेट, नांगी पयली मोडा, नायतर तीच तुमाला मोडंल!" कमलनं एक नांगी हातात घेतली, बघितली नि ठेवून दिली.

रात्री अंथरुणात ती म्हणाली, "बुडी नाय येत." म्हातारीला ती बुडी म्हणते.

म्हटलं, "येईल."

"नाय येत," ती म्हणाली. मोठ्या माणसासारखं म्हणाली. मग माझ्याकडं पाठ केली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले, पण ती झोपली नव्हती हे मला कळत होतं.

२३ सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहून ठेवते.

तानी आज परत आली. भांडी घासता घासता सहज म्हणाली, "बरं झालं बाय, पोरगी तुमची झाली. बुधीनं दिली ना शेवटी."

"कोण बुधी? काय दिली?"

"बुधी म्हंजे कमळीची आजी. बापाची आय." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिची थट्टा करते आहे. "तुमाला ठावं नाय?"

मी हातातलं काम टाकलं नि तिच्यासमोर जाऊन बसले.

मग तानीनं सांगितलं ते असं. लोंढा आला त्या रात्री बुधी लेकीच्या गावाला होती. परत आली तर घर नाही, मुलगा नाही, सून नाही. पोर बोईसरला आहे कळल्यावर ती आली, पोर न्हाऊन-माखून ओट्यावर बसलेलं बघितलं. स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही, दाणा नाही. तिनं ठरवलं, घर उभं राहीपर्यंत पोर इथंच बरं. पण त्यांच्यात रीत आहे. आपलं पोर दुसऱ्याच्या घरी जेवत असलं तर आपला घास त्या घरी गेला पाहिजे. भाजी होवो, खेकडा होवो, काही होवो. घास जातोय तोवर पोर आपलं. म्हणून ती येत होती. तिला वाटलं मला सगळं कळतंय. मी टोपलीतून साखर-पोहे पाठवत होते ना! म्हणजे मी मानते आहे, असं तिनं धरलं.

"आणि साडी?" मी विचारलं.

"आमच्यात पोर मागाया आले का लुगडा न् नारळ ठेवतात. घेतला म्हंजे दिली." तानीनं पातेलं विसळलं. "बुधी फाट्यावर भेटली मला. बोलली, बाई चांगली हाय, नारळ ठेवून मागितली, पोरीला नवा कपडा घालून उभी केली. माझ्याकडं काय हाय? दिली मी. आता माझा घास नाय जायाचा तिथं."

आणि मी काय म्हणाले होते तिला? यायचा त्रास घेऊ नका!

तिचा मुलगा गेला, सून गेली, घर गेलं. उरली होती एक नात. तीही मी एका नारळावर घेतली आणि वर त्या दिवशी इथं लिहिलं की चांगलं काम केलं.

त्याच दिवशी, रात्र

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे आता कुणी मागणार नाही तिला."

"नाही."

"तूच ठरवायचं मग."

हेच तर! कुणी जबरदस्ती केली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कमी नाही. पण इथं भांडायला समोर कोणीच नाही. तोंड मिटून गप्प बसले तर पोर माझी. सरकारदरबारी विचारणारं कोणी नाही, पाड्याच्या रीतीनं तर माझीच. कमल इकडं झोपली आहे, मुठीत माझा पदर आहे. मी तो सोडवूनही घेत नाही.

खरं सांगू? आज दुपारपासून मी शंभर कारणं शोधली. इथं शाळा आहे, दवाखाना आहे. तिथं पत्र्याचा आडोसा. म्हातारी किती वर्षं पुरणार? एकेक कारण असं खणखणीत आहे की कोर्टात टिकेल. आणि एकही कारण पायरीवर बसलेल्या पोरीपुढं टिकत नाही.

मी विचारलं असतं तर! पहिल्याच दिवशी, ओळखता का हिला, याच्या पुढचा एक प्रश्न. जिभेवर होता तो. मी गिळला.

२५ सप्टेंबर

करंजपाड्याला जाऊन आलो. आम्ही दोघं, तानी आणि कमळी.

एसटी फाट्यापर्यंत जाते, पुढं चढ. कमळी पुढं धावत होती, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा ते तिला पाठ. चपला काढून तिनं ह्यांच्या हातात दिल्या. वसाहतीत ती पायऱ्या उतरतानाही भिंत धरायची.

बुधी पत्र्याच्या आडोशासमोर नागली निवडत बसली होती. अंगावर माझी हिरवी इरकल, अर्धी. उरलेली अर्धी शेजारणीच्या अंगावर. मला हसावं की रडावं कळेना. कमळी आजीसमोर जाऊन उभी राहिली. मग खाली बसली आणि नागली निवडायला लागली. बुधीनं तिच्याकडं बघितलं नाही. दिलेल्या पोरीकडं बघायचं नसतं बहुतेक.

मी म्हटलं, "आजी, पोर परत आणलं आहे."

तिचा हात थांबला. "काय चुकला तिचा?"

"तिचं काही नाही चुकलं. माझं चुकलं. तो नारळ मागणीचा नव्हता. आमच्याकडं मानाचा म्हणून देतात. मला तुमची रीत माहीत नव्हती."

"नारळ त खाल्ला आमी," बुधी म्हणाली. "पाड्याला वाटला. लुगडा बी फाडला. आता माघारी काय देऊ तुला?"

"काही नको."

तिनं माझं तोंड न्याहाळलं. "मंग तू पोर नाय मागितली?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! ती मान हलवणार, मी मान हलवणार, संपलं. पण तिच्यासमोर खोटं बोलवेना.

"मागितली, आजी. मनात रोज मागितली. पण तुम्हाला विचारून नाही मागितली."

आणि मी रडायला लागले. चांगली हमसून हमसून, पाड्यातल्या सगळ्या बाया गोळा होईपर्यंत. हे दोन्ही हातांत चपला घेऊन तसेच उभे. बुधी उठली, मडक्यातून पाणी आणलं नि माझ्यापुढं धरलं.

"रडू नको. मला वाटला, तुला पोर पायजे म्हनून नेली. पायजे त होतीच ना. त्यात काय पाप?" मग म्हणाली, "पन इथं अजून घर नाय. भात गेला. पोर खाईल काय?"

ते मी रात्रभर ठरवूनच आले होते. "तुमचा घास माझ्या घरी येत होता ना? आता माझा घास इथं येईल. दर गुरुवारी. पोर तुमचं. पण घास माझाही."

बुधी पहिल्यांदा हसली. कमळीचे दोन दात पडलेत, हिच्या तोंडात दोनच उरलेत. तानीकडं वळून काहीतरी बोलली. तानी म्हणाली, "ती बोलते, टोपला रिकामा नाय पाठवायची ती बी. तुमचीच रीत."

जेवायला बसवलं आम्हाला. भाकरी, मिरची, आणि बाकीच्यांना खेकड्याचं कालवण. मी मिरची-भाकरी घेतली. तेवढ्यात कमळी उठली. तिच्या पानातली खेकड्याची नांगी तिनं दातांनी फोडली, आतला गर काढला, भाकरीच्या तुकड्याबरोबर चिमटीत धरला आणि माझ्या तोंडासमोर आणला.

"खा."

बाया हसायला लागल्या. तानी म्हणाली, "कमळे, बाय नाय खात ते." कमळीला ते कसं समजावं? तिनं हात तसाच धरला. माझ्या घरी मी रोज तिच्या तोंडासमोर असाच हात धरायची आणि ती गालात घास घेऊन बसायची.

गळ्यातली माळ हाताला लागली. मी डोळे मिटले नि तोंड उघडलं.

पांडुरंगाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. ह्यांना काय सांगायचं हा प्रश्न नव्हता, ते समोरच बसले होते. दुसरीकडं बघत होते.

निघताना कमळी वेशीपर्यंत आली नाही. आजीच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून. बरंच झालं ते. घरी आल्यावर लाकडी बैलगाडी पलंगाखाली सापडली. ती मी काढली नाही, तशीच राहू दिली.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

मागच्या आठवड्यात हे दोन दिवसांची रजा काढून पाड्यावर वासे उभे करायला गेले होते. पाठ धरली आहे, पण तक्रार नाही. बुधीच्या घराला छप्पर चढलं.

पहाटे उठून गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले. मैनाबाई दाराशी येऊन विचारून गेल्या की त्या पोरीला परत पाठवलंच का, एवढा जीव लावला होता तो फुकट गेला म्हणायचा. मी एवढंच म्हटलं, "मैनाबाई, लाडू बघा कसा झालाय." त्यांनी दोन खाल्ले.

टोपली भरत होते तेव्हा हे मागं येऊन उभे राहिले. "त्या दिवसानंतर विचारायचंच राहिलं. तू तिकडं गेलीस की जेवतेस काय गं?"

"पोर भरवेल ते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं, मग स्वतःच्या माळेवरून हात फिरवला. मी लाडवांच्या डब्याचं झाकण लावायला गेले तर म्हणाले, "थांब, अजून दोन टाक. आपलं पोर दुसऱ्याच्या घरी जेवतंय."